दिवसा जागवलं की रात्री झोपेल?

ताई, नमस्कार.

आमची चिऊ परवा पाच महिन्यांची झाली. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये मी, नवरा, सासूबाई, सासरे आणि ती असे राहतो. चिऊ दिवसा धड झोपतच नाही. सकाळी पावणेसातला उठते. सव्वानऊला मालीशवाल्या मावशी येतात. आंघोळ झाली की दहाच्या सुमारास झोपते ती साडेअकराला उठते. तेवढीच काय ती झोप. मग दुपारी दीडला पंचवीस मिनिटं आणि पावणेपाचला पंचवीस मिनिटं, तीही अर्धा-पाऊण तास पायावर झुलवल्यावर. दिवेलागणीला जी रडायला लागते ती नऊपर्यंत. चार माणसं चार बाजूंनी प्रयत्न करतात, कोणी खुळखुळा वाजवतं, कोणी मोबाइलवर गाणी लावतं. नवरा पावणेनऊला आला की एकदम खुलते, खिदळते, मग साडेदहा वाजले तरी डोळा मिटत नाही. रात्री तीनदा दुधाला उठते. डॉक्टर म्हणतात वजन उत्तम आहे, पोटाचं काही नाही. सासूबाई म्हणतात, दिवसा झोपवू नकोस म्हणजे रात्री गाढ झोपेल. शेजारच्या काकू जायफळ उगाळून चाटवायला सांगतात. नेटवर वाचलं की रडू द्या, आपोआप शिकतात. पुढच्या महिन्यात माझी रजा संपतेय. कधीकधी नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेते. काय करू?

– चिऊची आई

•

चिऊच्या आई,

तुम्ही वेळा इतक्या नेमक्या लिहिल्यात की उत्तर तुमच्याच पत्रात सापडतं. फक्त झोपेच्या वेळा न बघता मधल्या जागरणाच्या वेळा बघा. पावणेसात ते दहा, म्हणजे सव्वातीन तास. साडेअकरा ते दीड, दोन तास. मग जवळजवळ तीन तास. आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आत उठलेली मुलगी साडेदहाला झोपते, म्हणजे सव्वापाच तासांहून जास्त. पाच महिन्यांचं बाळ साधारण दीड ते अडीच तास सुखानं जागं राहू शकतं. तुमची चिऊ रोज संध्याकाळी त्याच्या दुप्पट जागते आणि आपण सगळे मिळून तिला विचारतो, का गं रडतेस?

आता बेरीजही करून टाकू. दिवसाची दोन तास वीस मिनिटं, रात्रीची सव्वाआठ तास, त्यातून दुधाचे तीन वेळचे जागरण वजा. साडेदहा तासही पुरते भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये चार ते अकरा महिन्यांच्या बाळांसाठी दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप सांगितली आहे. बाळाबाळात फरक असतो हे खरं, पण जे बाळ रोज दिवेलागणीपासून नऊपर्यंत रडतं त्याला 'हिला झोपच कमी लागते' असं म्हणता येत नाही. तिची झोप तुंबली आहे.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं आहे असं मी लगेच म्हणणार नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत दिवसरात्रीचा गोंधळ असतो, तेव्हा बाळाला दिवसा उजेडात, घरच्या आवाजात ठेवायचं आणि रात्री अंधार करायचा, याचा उपयोग होतो. दोन-अडीच वर्षांचं पोर संध्याकाळी पाचपर्यंत ताणून झोपलं तर रात्री बारापर्यंत उड्या मारतं, हेही त्यांनी पाहिलं असणार. पण या दोन्हींच्या मधल्या वयात ते गणित चालत नाही. बाळ जागं असतं तेव्हा झोपेची ओढ साठत जाते, आणि एका वेळेला ती अशी येते की अलगद ठेवलं तरी झोपेल. ती वेळ हुकली की शरीर नेट लावून जागं राहायला लागतं. मग बाळ पेंगत नाही, उलट जास्तच तरतरीत दिसतं. हातपाय झाडतं, मोठमोठ्यानं हसतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत ओठ काढून रडतं. बाबा आल्यावर चिऊ खिदळते त्यात आनंद आहेच, नाही असं नाही. पण त्या वेळी ती साडेतीन तासांहून जास्त जागी असते, हेही त्यात आहे. अशी झोपलेली बाळं रात्रीही जास्त वेळा दचकून उठतात.

म्हणून उपाय उलटा आहे. तिला आणखी दमवायचं नाही, लवकर झोपवायचं. आणि सुरुवात रात्रीपासून नाही, सकाळपासून करायची.

उद्यापासून एवढंच करा. ती पावणेसातला उठली की सव्वाआठला खोली अंधारी करायची आणि साडेआठच्या आत तिला झोपवायला घ्यायचं. तुम्हाला वाटेल, आत्ता तर उठलीय, हिला कुठली झोप? सकाळची पहिली डुलकी सगळ्यांत सोपी असते, रात्रीच्याच झोपेची ती शेपटी असते म्हणा ना. अर्धा तास झोपली तरी चालेल. मालीशवाल्या मावशींची वेळ बदलायची गरज नाही, त्यांची पुढची घरं अडलेली असतात. सव्वानऊला मालीश, आंघोळ, दूध आणि पावणेअकराच्या सुमाराला दुसरी झोप. आज ती दहाला दीड तास झोपते ती नुसती आंघोळीची जादू नव्हे. चोळून, गरम पाणी घालून, पोट भरून, दुपट्यात घेऊन शांत खोलीत ठेवलेली तिची ती दिवसातली एकमेव झोप आहे. बाकीच्या दोन वेळा असं कोणी करत नाही. (मावशी धुरी देत असतील तर ती मात्र बंद करायला सांगा. धुरानं झोप लागत नाही, छाती भरते.)

एखाद्या दिवशी मावशी आल्या आणि चिऊ झोपलेली असली, तर त्यांना चहा द्या. उठवू नका.

यापुढे घड्याळापेक्षा तिच्याकडे बघा. आपण बहुतेक जण जांभई आणि डोळे चोळण्याची वाट बघतो, पण तोवर बरेचदा उशीर झालेला असतो. त्याआधी बाळ खेळण्यावरून नजर काढतं, एकटक कुठेतरी बघत राहतं, कोणी बोलायला लागलं की तोंड फिरवतं, भुवयांच्या वरती लालसर होतं. हात-पाय जरा मंदावतात. ही पाच-दहा मिनिटं सोन्याची. कान ओढणं, पाठीची कमान करणं, खांद्यावर नाक घासून किंचाळणं हे सगळं त्यानंतरचं.

झोपवायला एकच माणूस असू द्या. हे मी जरा ठासून लिहितेय, कारण तुमच्या पत्रातला चार माणसांचा प्रसंग मला स्पष्ट दिसतोय. प्रत्येकाचा जीव तुटतो म्हणूनच तो काहीतरी करतो, पण थकलेल्या बाळाला खुळखुळा, मोबाइलचं गाणं, गॅलरीतल्या गाड्या आणि आजोबांचे विदूषकी चेहरे, हे सगळं एकापाठोपाठ एक म्हणजे आणखी जागरण. रडं वाढलं की आवाज आणि हालचाल कमी करायची असते, वाढवायची नसते. दिवा बंद, खिडकीला जाड चादर, पंखा चालू, एकाच लयीत थोपटणं आणि एकच अंगाई, पुन्हा पुन्हा तीच. तुम्हाला कंटाळा आला तरी तिला येत नाही. वन बीएचकेमध्ये कुकरची शिट्टी आणि दाराची बेल टळत नाही. पंख्याची एकसुरी घरघर ते आवाज बरेच झाकते. बेलचं बटण दुपारपुरतं बंद करून ठेवणारी घरं मला माहीत आहेत, कुरिअरवाले दार वाजवतात.

दहा-पंधरा मिनिटांत झोपली नाही तर भांडत बसू नका. उचला, खोलीबाहेर जरा फिरवा, वीस मिनिटांनी पुन्हा. पाऊण तास पायावर झुलवून तुमच्या गुडघ्यांची वाट लागते, आणि ती तेवढा वेळ रडण्याचाच सराव करते.

पंचवीस-तीस मिनिटांच्या डुलक्यांनी घाबरू नका. या वयात झोपेचं एक आवर्तन पाऊण तासाच्या आसपासचं असतं. त्यात बाळ हलक्या झोपेत आलं की डोळे उघडतं, आणि पुढच्या आवर्तनात एकट्यानं शिरायची सवय अजून लागलेली नसते. ती बहुतेकांना सहा महिन्यांच्या पुढेमागे लागते. तोवर दिवसातली एकच झोप लांबवायचा प्रयत्न करा, तुमच्या बाबतीत आंघोळीनंतरची. बाकीच्या छोट्या राहू देत, पण वेळेवर. ती विसाव्या मिनिटाला चुळबुळ करते असं दिसलं तर त्याआधीच शेजारी जाऊन बसा आणि पूर्ण उठायच्या आत हात ठेवून थोपटा. कधी साधेल, कधी नाही. एखाद्या दुपारी ती फक्त तुमच्या अंगावरच झोपली तरी आकाश कोसळत नाही. फक्त तुम्ही जाग्या हव्यात. सोफ्यावर तिला घेऊन तुमचाही डोळा लागला, तर ते धोक्याचं आहे.

आता संध्याकाळ. इथे खरी अडचण शास्त्राची नाही, 'तिन्हीसांजेला झोपू नये' याची आहे. सासूबाईंशी यावर वाद घालू नका, गरजच नाही. सकाळ सावरली की तिसरी डुलकी दुपारी दीडच्या सुमाराला आणि चौथी चारच्या सुमाराला येईल. पाचला ती उठलेली असेल. मग गॅलरीत, खाली बिल्डिंगच्या आवारात आजोबांबरोबर चक्कर. सात वाजता देवापाशी दिवा लागला की शुभंकरोतीला तिला आजीच्या मांडीवर बसवा. तिथून सरळ ओल्या फडक्यानं अंग पुसणं, कपडे बदलणं, दूध, अंधार, अंगाई. साडेसातला रात्रीची झोप. रोज दिव्यानंतर लगेच झोप आली की काही दिवसांत शुभंकरोतीचे सूर लागले की तिचे डोळे जड व्हायला लागतील. घरात आयती असलेली रीत आहे, नवी कशाला शोधायची? आणि सासूबाईंनाही ते पटेल, कारण आता ती तिन्हीसांजेला झोपत नाहीये, दिवा लागल्यावर झोपतेय.

यात तुमच्या नवऱ्याचं नुकसान आहे, ते मान्य करून टाकू. पावणेनऊला लोकलमधून चेंगरून येणाऱ्या माणसाला 'हळू बोल, झोपलीय' हे ऐकणं गोड वाटत नाही. पण सकाळी पावणेसातला ती उठते तेव्हा तोही घरातच असतो ना? तो निघेपर्यंत चिऊ त्याच्याकडे. लंगोट बदलणं, गप्पा, गॅलरीतले कावळे दाखवणं, सगळं त्यानं करायचं. तेवढ्यात तुम्हाला पडून राहता येईल. ताजीतवानी, हसरी मुलगी सकाळीच मिळते. रात्री नऊला मिळत होती ती झोपेनं वेडावलेली होती. पहिल्या दोन आठवड्यांत एखाद्या रात्री तो आल्यावर ती उठेलच. तेव्हा अंधारातच उचलायचं, खेळायचं नाही.

ती कुठे झोपते हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. साडीची झोळी बांधली असेल तर ती आता सोडा. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि चिऊ आता केव्हाही कुशीवर, पालथी व्हायला लागेल. लाकडी पाळणा चालेल, पण सपाट, घट्ट गादीचा. ती वळायला-उठायला लागली की तोही बंद. झोपवताना पाठीवर. राईची उशी, लोड, जाड गोधडी, टांगलेली खेळणी आणि दोऱ्या, सगळं बाहेर. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात, पण जागेपणी थोडा थोडा वेळ पालथं ठेवल्यानं ते काम जास्त चांगलं होतं. वळायचा प्रयत्न दिसला की दुपट्यात घट्ट गुंडाळणंही थांबवा. पाळण्याला झोके द्यायला हरकत नाही. डोळे मिटत आले की झोका हळूहळू थांबवा, म्हणजे झोका थांबला म्हणून ती उठणार नाही.

जायफळाबद्दल काकूंना नम्रपणे नाही म्हणा. सहाणेवर किती वळसे उगाळलं याला माप नसतं, आणि जायफळ जास्त झालं तर विषारी आहे. त्यातून येते ती गुंगी. तिला झोप म्हणू नये. बाळांना गुंगी देऊन निजवायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे; मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका पोटच्या पोराला अफूची बाळगोळी देऊन पाळीला जात. त्यांना पर्याय नव्हता. तुम्हाला आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून अर्भकांना बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. ग्राइप वॉटरनंही झोप येत नाही.

'रडू द्या' याचं काय? ज्यात आई ठरावीक वेळानं येऊन धीर देते किंवा शेजारी बसून राहते, अशा पद्धतींचा अभ्यास झालेला आहे. मेलबर्नमध्ये सात महिन्यांच्या बाळांवर असा प्रयोग केला आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा त्यांचं काही वाईट झालेलं दिसलं नाही; हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या आयांनी ते केलं त्यांना राक्षशिणी ठरवायचं कारण नाही. पण चिऊ पाचच महिन्यांची आहे आणि तिचा प्रश्न शिकण्याचा नाही, वेळापत्रकाचा आहे. थकून रडणाऱ्या बाळाला आणखी रडवून आत्ता काही हाती लागणार नाही. दोन-तीन आठवडे वेळा सावरा. मला वाटतं, नंतर तुम्हाला हा प्रश्न विचारावासा वाटणारच नाही.

रजा संपायच्या आधी मात्र एक गोष्ट करायला हवी. सध्या चिऊला तुम्हीच झोपवता, बहुधा दूध पाजता पाजता. २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची रजा मिळते, ती संपली की दिवसाच्या सगळ्या झोपा सासूबाईंच्या हातात जाणार. त्या तुमच्यासारखं झोपवू शकणार नाहीत, आणि त्यांनी तसा प्रयत्नही करू नये. आंघोळीनंतरची झोप या आठवड्यापासून त्यांच्याकडे द्या. तुम्ही दूध पाजून तिला जागीच त्यांच्याकडे सोपवा आणि खरोखर घराबाहेर जा. भाजी आणा, पोस्टात जा, काहीही. घरात राहिलात तर रडू ऐकून पाचव्या मिनिटाला दारात उभ्या राहाल. त्यांची अंगाई वेगळी असेल, थोपटणं जरा जोरात असेल. असू दे. फक्त वेळ तुम्ही ठरवलेली, अंधार तुम्ही सांगितलेला आणि मोबाइल बाहेर. सून काहीतरी शिकवतेय यापेक्षा 'आई, तुमच्याकडे झोपली की मला ऑफिसात काळजी नाही' हे वाक्य जास्त काम करतं, आणि ते खोटंही नाही. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीनं पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. विचारून ठेवा. पण पाच-सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये चढण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

एवढं करूनही रडणं कमी झालं नाही, किंवा ताप, उलट्या, दूध न पिणं, झोपेत घोरणं, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणं, असं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, 'वजन चांगलं आहे' यावर थांबू नका.

आणि बाथरूममधल्या रडण्याचं. तीन-चार तास तुकड्यातुकड्यांनी झोपणाऱ्या कोणालाही रडू येईल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चिऊ झोपलेली असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसतो तर बरं असे विचार येत असतील, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या प्रसूतीतज्ज्ञांना सांगा, किंवा १४४१६ या क्रमांकावर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नवऱ्यालाही हे वाक्य वाचायला द्या. पहाटेचं दूध पाजून झालं की ढेकर काढायला बाळ त्याच्याकडे आणि तुम्ही कूस बदलून झोपायचं, हे त्याला आज रात्रीपासून जमण्यासारखं आहे.